कांदा, केळं आणि दादीचं गाळणं

२ डिसेंबर

आज पेशी बघितली! म्हणजे मला वाटलं, बघितली.

लीलाधर सरांनी पहिल्यांदाच आम्हा नववीवाल्यांच्या हातात सूक्ष्मदर्शक दिला. मी डोळा लावला — काय सुंदर गोल! काठ काळे, मध्ये चकचकीत. लगेच जर्नलमध्ये आकृती काढली, नावंपण दिली — पेशीभित्तिका, केंद्रक, सगळं. सर वाकून बघतात तर — "रूपल, हे हवेचे बुडबुडे आहेत. केंद्रक कुठून आणलंस?"

अख्खा वर्ग खो-खो! तो युवराज तर बाकावर आडवाच झाला. हसू दे मेल्याला.

३ डिसेंबर

यावलला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे, वीस तारखेला. आमच्या शाळेच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक, आणि तो सांभाळायला दोघं. येईल त्याला दाखवायचं, समजावून सांगायचं. सर म्हणाले, "ज्यांच्या स्लाइड चांगल्या, ते जातील."

मला जायचंय. जायचंच आहे! एवढं मनापासून मी मोबाइलसुद्धा मागितला नव्हता.

५ डिसेंबर

फजिती! स्लाइड करायची कांद्याच्या पापुद्र्याची, आणि आम्ही पडलो जैन. आमच्या घरात कांदा उंबरा ओलांडत नाही. मी जन्मात कधी तो सोललेला नाही. वरचं तांबूस कागदासारखं साल काढलं, काचेवर ठेवलं, वर आयोडीनचा थेंब, आणि बसले बघत. नुसता काळोख!

युवराज म्हणे, "अवं, ते तं फेकाचं असते बॉ! आतला पापुद्रा काढ." आणि त्याने कचकन कांदा कापून माझ्या नाकासमोर धरला. डोळ्यांना धारच लागली. मला वाटलं आयोडीन उडालं! "सर, डोळे गेले माझे!" ओरडत नळाकडे पळाले. सगळे पोट धरून हसले. सरसुद्धा.

युवराजची स्लाइड पहिल्या झटक्यात जमली. विटांच्या भिंतीसारख्या ओळी, एकेका विटेत एकेक ठिपका. फार छान होती. चरफडत बघितली.

६ डिसेंबर

सरावाला एक कांदा घरी आणू का, म्हणून दादीला विचारलं. वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"कांदा? या घरात? छोरी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"खायला नाही दादी, बघायला."

"आज बघशील, उद्या चाखशील!"

मम्मी पदराआड हसत होती. तेवढ्यात आमचे धाकटे बंधुराज मनन — "दादी, हिच्या हाताला कालपासून वास येतोय." चोंबडा! थंडीत पुन्हा अंघोळ करायला लागली.

८ डिसेंबर

कांदा नाही, मग काय? डोकंच चालत नाही.

९ डिसेंबर

फैजपुरात राहून मी केळं कसं विसरले! शाळेसमोरून केळ्यांचे ट्रक जातात, त्यांच्यामुळे रस्ता ओलांडता येत नाही, आणि मी कांद्याच्या नावाने रडतेय!

युवराजने त्यांच्या बागेतलं एक कच्चं केळं आणून दिलं. ("काय करून राह्यली तू याचं? भाजी?") गराचा एवढासा कण घेतला, काचेवर पसरला, आयोडीन टाकलं. यावेळी वरची झाकणाची काच हळूच तिरकी टेकवली, बुडबुडा नाही आला.

अगं बाई! निळे-काळे दाणेच दाणे. पप्पांच्या दुकानात गोणीत तूर भरलेली असते तसे पेशीत दाणे गच्च. सर म्हणाले, हे पिष्ट, केळं पिकतं तसं त्याची साखर होते. मग पिकलेल्याची पण केली, त्यात दाणे थोडेच! सर स्वतःच तीनदा वाकून बघून गेले.

११ डिसेंबर

निवड झाली. युवराज — कांदा. रूपल — केळं!!! मी वर्गातच उडी मारली.

१२ डिसेंबर

दादी नाही म्हणाली.

शेजारी कांदा कापणार, तोच सुरा, तेच टेबल. "सज्जनबाईची नात दिवसभर कांद्यापाशी बसली, असं समाजात ऐकू मी?" पप्पा दादीसमोर तोंड उघडत नाहीत. माझा तोल गेला. दादी रोज सकाळी परसातल्या आडाचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळते. मग फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्याने धुते आणि ते धुवण बादलीने अलगद आडात सोडते — का, तर फडक्यात अडकलेले जीव मरू नयेत. मी म्हटलं, "तुम्ही एवढं करता, पण आहे का त्यात काही? कुणी बघितलंय?"

दादी उठून माळ घेऊन बसली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर

सरांना अजून सांगितलेलं नाही. उगाच केळं बघत बसते. युवराज म्हणाला, "तुह्या दादीले मी समजाऊ का?" मी म्हटलं, तू आधी तोंड धू, कांद्याचा वास येतोय. बिचारा खरंच धुवून आला.

दादी माझ्याशी नीट बोलते, वाढते, पण त्या विषयावर अक्षर नाही. माझं मात्र जेवण जात नाही.

१९ डिसेंबर

आज सरांना सांगायचंच, असं ठरवून दप्तर भरत होते. दादी परसातून आली. हातात लोणच्याची धुतलेली छोटी बरणी, त्यात फडक्याचं धुवण.

म्हणाली, "हे उद्या यावलला ने. तुझ्या त्या यंत्रात बघ."

मी दप्तर खाली ठेवलं. "म्हणजे जाऊ मी?"

"बघायचं कुणी मग? माझी सासू करायची, म्हणून मी करते. लग्न होऊन आले तेव्हापासून. एक दिवस चुकवला नाही." मग आवाज खाली करून, मननला ऐकू जाणार नाही असा — "छोरी, मलाही कधीकधी वाटतं गं. खरंच कुणी असेल का त्यात?"

मी वाकून नमस्कार केला. दादी म्हणे, "पुरे पुरे. आणि सुरा वेगळा ने."

२० डिसेंबर

यावल. टेबल मांडल्यावर पहिला थेंब बरणीतला. सरांच्या मोबाइलवरून लगेच घरी फोन लावला. "दादी, आहेत! खूप आहेत! पळतायत नुसते!"

पलीकडून मग नाक ओढल्याचा आवाज.

"मग बरणी सांभाळून परत आण. आडात सोडायचंय त्यांना."