मोडलेल्या हाडाला पाच तारे

ती. मामांना,

साडेसात अंगांनी नमस्कार. (उरलेलं अर्धं अंग, म्हणजे डावा हात, झोळीत आहे. घाबरू नका. पत्र उजव्या हाताने लिहितेय आणि अक्षर वाईट दिसलं तर ते पहिल्यापासून तसंच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? गॅलरीतल्या गॅलरीत का होईना, सकाळचं चालणं चालू आहे ना? शेजारच्या काकू डबा वेळेवर देतात का? आणि मुख्य म्हणजे रक्तदाबाची गोळी घेतलीत का? नसेल घेतली तर पत्र इथेच खाली ठेवा, आधी गोळी घ्या आणि मग पुढे वाचा. मी थांबते.

घेतलीत? आता ऐका. मामा, आपण जिंकलो! ज्या टॅक्सी कंपनीच्या गाडीत माझं खांद्याचं हाड मोडलं, त्या कंपनीने नुकसानभरपाई मान्य केली. दवाखान्याचा सगळा खर्च, हात पूर्ण वर जाईपर्यंत बुडणाऱ्या कामाचे पैसे आणि वर माफी, तीसुद्धा लेखी! 'आपण' हा शब्द मुद्दाम वापरलाय, कारण या विजयात तुमचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नाही. हाड मोडल्याचाही पत्ता नाही. म्हणून तर गोळी.

झालं असं, की एका दंतवैद्य बाईंच्या नव्या घरी दिवाणखान्याचे पडदे लावायचे होते. जावईबापू (तुमचे, माझ्या वाट्याला ते नुसते 'अहो' येतात) दुकानात मशीनवर बसून अस्तरं जोडत होते, म्हणून नेहमीप्रमाणे मी एकटीच निघाले. मांडीवर पडद्यांचं गाठोडं, पायाशी ड्रिलची पेटी आणि पडद्याचा रॉड मागच्या काचेपासून पुढच्या सीटपर्यंत तिरका. चालक गुणी माणूस, फक्त घाई फार. बाईंचं फाटक दिसतंय न दिसतंय तोच त्याने चालत्या गाडीत फोनवर 'प्रवास संपला' असं दाबून टाकलं आणि पुढचं गिऱ्हाईक शोधायला लागला. फाटकाच्या अलीकडे पाण्याचा टँकर उभा होता. चांगला ऐसपैस, पिवळाधमक, पाठीवर 'अंतर ठेवा' लिहिलेला. आम्ही ठेवलं नाही. गाठोड्यामुळे माझी छाती वाचली (पडदे जाड अस्तराचे होते, झिरझिरीत कापडाचे असते तर हे पत्र जावईबापूंनी लिहिलं असतं), पण डावा खांदा पुढच्या सीटवर असा आदळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती खाटेभोवतीचा हिरवा पडदा. जमिनीपासून वीतभर आखूड आणि तीन रिंगा गायब! मी नर्सबाईंना तसं सांगितलंही. त्या डॉक्टरांना म्हणाल्या की पेशंटच्या डोक्याचाही फोटो काढून घ्यावा.

आता तुमचा भाग. मी एकटी परक्या घरांतून जाऊ लागले तेव्हा तुम्ही अट घातली होतीत, की टॅक्सीचं खातं तुमच्या नावावर आणि तुमच्या नंबरवर राहील, म्हणजे मी कधी पोहोचले ते तुम्हाला घरबसल्या कळेल. त्यामुळे कंपनीच्या लेखी आजवर शहरभर पडदे घेऊन हिंडणारा प्रवासी म्हणजे तुम्ही. पुरुष, वय शहात्तर. त्यात तुमचा स्वभाव असा, की फोन वाजला रे वाजला की चालकाला पाच तारे द्यायचे आणि वर चार चांगले शब्द लिहायचे. इकडे माणसं लोखंडी पहार घालून माझ्या बाजूचं दार उचकटत होती आणि तिकडे तुम्ही आरामखुर्चीत बसून लिहीत होतात, की सुखरूप पोहोचलो, चालक अत्यंत सावध, गाडी स्वच्छ, आयुष्मान भव.

मी कंपनीला तक्रार पाठवली. उत्तर आलं, की आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत, पुढच्या प्रवासावर सूट घ्यावी. गैरसोय! मामा, पावसात छत्री विसरली तर गैरसोय होते. गाडीत चहा सांडला तर गैरसोय होते. माझं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. मी एक्स-रेचा फोटो पाठवला. उत्तर आलं, की प्रवासी सुखरूप पोहोचल्याचं प्रवाशानेच कळवलं आहे आणि चालकाचं कौतुकही केलं आहे, सबब तक्रार बंद करण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर. पुन्हा लिहिलं, पुन्हा दिलगीर. माझ्या तोंडून तेव्हा तुमच्याबद्दल जे शब्द निघाले ते जावईबापूंना विचारू नका, ते सांगतील.

पण मला पडदेवाली म्हणतात. एकदा माप घेतलं की मी मागे हटत नाही. आणि खरं सांगते, प्रश्न नुसत्या रागाचा नव्हता. पडदा लावणं म्हणजे शिडीवर उभं राहून दोन्ही हात डोक्याच्या वर धरायचे. एका हाताने रॉड धरता येतो किंवा स्क्रू पिळता येतो, दोन्ही जमत नाही. जावईबापू शिवतात सुरेख, पण स्टुलावर चढले की घेरी येते. मी लावले नाहीत तर त्यांनी शिवलेले पडदे दुकानातच घड्या होऊन पडणार, आणि तसे ते पडायला लागले होते. तेव्हा एक दिवस एक्स-रे बगलेत मारून आम्ही दोघं थेट कंपनीच्या ऑफिसात गेलो.

ऑफिस म्हणजे नुसती काच. इमारतभर खिडक्या आणि पडदा म्हणून एक नाही! सगळे कर्मचारी उन्हाने डोळे बारीक करून बसलेले. तक्रारींचे साहेब तरुण, नाकावर चष्मा, दर वाक्याच्या शेवटी 'दिलगीर आहोत'. आम्ही त्यांचं नाव तिथल्या तिथे दिलगीरसाहेब ठेवलं. मी त्यांच्या खिडकीवर एक्स-रे धरला (काचेचा तेवढा एक उपयोग झाला) आणि हाड दाखवलं. ते म्हणाले, हाड मोडल्याचं मान्य, पण बाई, तुम्ही आमच्या प्रवासीच नाही, दिलगीर आहोत. मी खातं, अट, मामा, तारे, सगळी कथा सांगितली. त्यांनी ती एखाद्या लहान मुलाची सबब ऐकावी तशी ऐकली. जावईबापूंना मी खास बाजू मांडायला नेलं होतं. ते पूर्ण वेळ ऑफिसच्या खुर्च्यांची शिलाई बघत होते. शेवटी साहेब म्हणाले, की प्रवाशालाच स्पीकरवर फोन करू आणि विचारू. पण तुम्ही तोंड उघडायचं नाही. माझं धाबं दणाणलं. एक तर तुम्हाला मी अपघाताचं काही बोलले नव्हते, आणि दुसरं म्हणजे तुम्ही माणसाला बरं वाटावं म्हणून काहीही कबूल करता हे मला ठाऊक आहे.

आठवतं का, मध्ये एका दुपारी एका गोड आवाजाच्या माणसाने तुमच्या तब्येतीची चौकशी केली होती? त्या रात्री तुम्ही मला किती कौतुकाने सांगितलंत, की हल्लीची मुलं वाईट नाहीत, एका अनोळखी माणसाने माझ्या गुडघ्याला पाऊण तास दिला. मामा, ते दिलगीरसाहेब होते. त्यांनी एवढंच विचारलं होतं, की अलीकडच्या प्रवासात आपल्याला काही त्रास झाला का. तुम्ही म्हणालात, प्रवास कसला, पायरीवरून पडल्यापासून मी उंबरा ओलांडलेला नाही. मग पायरी. मग गुडघा. मग तो गुडघा बघणारे तीन डॉक्टर आणि त्यातल्या दोघांच्या बायका. साहेब मध्ये शिरायला बघत होते, पण मामा, तुमच्या बोलण्यात शिरायला आजवर कोणाला फट सापडलीय? ते घामाघूम झाले. त्यांना फोनही ठेववेना, कारण तुम्ही 'बाळ' म्हणायला सुरुवात केली होती. शेवटी त्यांनी कसंबसं विचारलं, की मग या गाड्यांतून फिरतं कोण? तुम्ही म्हणालात, माझी भाची, ती पोहोचली की फोन वाजतो आणि मी तारे देतो. किती तारे ते कसं ठरवता, असं त्यांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "ठरवायचं काय त्यात? पोहोचली म्हणजे पाच."

मी खुर्चीतून उडीच मारणार होते. कोर्टात वकील जिंकतो तेव्हा त्याला असंच वाटत असेल. पण साहेबांना राहवलं नाही, त्यांनी आणखी एक विचारलं, की समजा एखाद्या दिवशी ती पोहोचलीच नाही, तर? (हा प्रश्न तुम्ही मला रात्री सांगितला नाहीत.) तुम्ही गप्प झालात. तुम्ही, मामा! फोनमधून तुमचा पंखा ऐकू येत होता. मग अगदी लहान आवाजात तुम्ही विचारलंत, "का हो? तिला काही झालंय का?" साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, झोळीकडे पाहिलं. मी मान हलवून नको नको म्हटलं. ते तुम्हाला म्हणाले, "नाही हो आजोबा, उगाच विचारलं. दिलगीर आहे." तो शब्द त्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून उच्चारला. फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला आणि मला विचारलं, की तुम्हाला नक्की काय काय हवंय.

मग काय, मी टेप सोडली! खर्च हवा, बुडालेलं काम हवं आणि सगळ्यात आधी तो 'गैरसोय' शब्द खोडून तिथे 'दुखापत' असं लिहायला हवं. त्यांनी माझ्यादेखत खोडलं, लिहिलं, खाली सही केली. जावईबापूंनी तेव्हा कुठे तोंड उघडलं आणि खुर्चीची शिलाई उसवलीय असं साहेबांच्या निदर्शनास आणलं. घरी येऊन मी झोळीतल्या हाताची बोटं नाचवली, उजव्या हाताने पेढ्याचा डबा उघडला आणि निम्मा एकटीने संपवला.

तब्येतीला जपा, काकूंना नमस्कार सांगा आणि माझ्यावर रागावला असाल तर आजच रागावून घ्या.

तुमची,
विजयी भाची

ता. क. भरपाईचा चेक तुमच्या नावाने निघालाय, कारण कागदोपत्री हाड तुमचंच मोडलंय. बँकेतल्या लोकांनी चौकशी केली तर गुडघ्याचा विषय काढू नका.

आणखी एक ता. क. दिलगीरसाहेबांनी त्यांच्या खोलीसाठी पडद्यांचा भाव विचारला. मी नेहमीपेक्षा बराच चढा सांगितला. ते हो म्हणाले. आता वाईट वाटतंय.

शेवटचं ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी जावईबापूंनी पत्र वाचलं आणि म्हणाले, खरं तेवढंच राहिलंय, ते लिही. तर लिहिते. कंपनीच्या ऑफिसात आम्ही भर उन्हातून चालत गेलो. परतही चालत. टँकरनंतर मी एकाही गाडीत बसलेले नाही, मामा. दार उघडतं आणि माझा पाय उचलत नाही. हाड जुळेल असं डॉक्टर म्हणतात. या पायाचं मी कोणाला विचारलेलंच नाही. दुकानात सांगते, की हात बरा झाला की जाईन कामाला, आणि लोक मानतात. तुम्हीसुद्धा गुडघ्याचं सांगता आणि लोक मानतात. पण तुमच्या तिसऱ्या डॉक्टरांशी मी बोलले आहे, गुडघा कधीच बरा झालाय. तेव्हा रविवारी सकाळी मी तुम्हाला घ्यायला येते. गाडीने. येताना जावईबापू माझ्या शेजारी असतील आणि मी बहुधा डोळे मिटून बसेन. परतताना मध्ये तुम्ही बसायचं आणि माझा उजवा हात घट्ट धरायचा. मला फार भीती वाटते, मामा. नाही म्हणू नका. आणि या खेपेला तारे द्यायचे ते गाडी पूर्ण थांबल्यावरच.