पान नऊवरची पेन्सिल

ऑरहुस, ४ ऑक्टोबर १९८७

ती. इंगेबॉर्ग आत्यास,
सा. न. वि. वि.

आपल्या गावच्या सहकारी डेअरीवरचा माझा निबंध एकदाचा छापून आला. तो विद्यापीठाच्या कपाटात पडून राहू नये, म्हणून १९५९ च्या यादीतल्या बत्तीसही सभासदांच्या पत्त्यांवर एकेक प्रत टपालाने धाडली. जे गेले त्यांची मुलं वाचतील. तुझी प्रत सोबत आहे. डेअरीच्या कारकूनबाई म्हणून चुका काढ, पण रागावताना आत्या हो.

माया आटू देऊ नकोस.
तुझी सिग्ने

स्केलबेक, ११ ऑक्टोबर

चि. सिग्नेस,
अ. उ. आ.

निबंध वाचला. पन्नास पानांत लोण्याचा वास एकदाही आला नाही, पण तळटिपा भरपूर आहेत. तुझे वडील असते तर गावभर मिरवत फिरले असते. माझे गुडघे थंडीची चाहूल देत आहेत. शेवटच्या सभेबद्दलचं पान नऊ मी जरा भरभर वाचलं.

जेवत जा.
आत्या

ऑरहुस, २ नोव्हेंबर

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

एक प्रत परत आली आहे, क्लिटगोरच्या शेतघरावर पाठवलेली. पान नऊवर मी लिहिलं होतं की डेअरी बंद करून शहरातल्या मोठ्या संघात सामील होण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्यातला ‘एकमताने’ हा शब्द पेन्सिलीने खोडून समासात लिहिलंय: ‘एकतीस हात. मी शेगडीपाशी होतो. माझा हात खालीच होता.’ खाली, सभासद आक्सेल थोगरसन त्या हिवाळ्यात कॅनडाला गेला, या वाक्याशी: ‘मी कॅनडाला गेलो नाही.’

त्या पानाची झेरॉक्स जोडली आहे. क्लिटगोरला हल्ली कोण राहतं?

तुझी सिग्ने

स्केलबेक, ६ नोव्हेंबर

चि. सिग्नेस, अ. उ. आ.

क्लिटगोरला कोणी राहत नाही. छप्पर कधीच खाली आलंय. पोस्टमन विगोला विचारलं. तो म्हणाला, पत्ता होता म्हणून फाटकावरच्या पेटीत टाकलं, दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी दिसली, वाटलं वाऱ्याने नेलं असेल. परतीचं पाकीट त्याच्या हातून गेलेलं नाही.

अक्षर मी ओळखलं. रोज सकाळी दुधाच्या पावतीवर हेच अक्षर बघायचे. बाळा, ते पान कोणाला दाखवू नकोस. दुसरा एखादा विषय घे.

आत्या

ऑरहुस, २० नोव्हेंबर

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

१९५९ आणि १९६० या दोन वर्षांत कॅनडात उतरलेल्यांच्या याद्या तपासल्या. आक्सेल थोगरसनचं नाव कुठेही नाही. जानेवारीत दुसरी आवृत्ती निघतेय, आणि या वेळी ती देशभरच्या सहकारी संस्थांना जाणार आहे. जे खोटं असेल ते मीच घरोघर पोचवणार.

रागावू नकोस, पण विचारतेच. पेन्सिलीचं ते तू लिहिलंस का?

तुझी सिग्ने

स्केलबेक, २९ नोव्हेंबर

चि. सिग्नेस, अ. उ. आ.

नाही. मी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

हात मी मोजले होते. अध्यक्ष माड्स म्हणाले की एका माणसासाठी इतिवृत्त कशाला खराब करायचं, लिही एकमताने. मी लिहिलं. आक्सेलने ते माझ्या खांद्यावरून वाचलं. तो म्हणाला, म्हणजे मी इथे नव्हतोच तर. टोपी घातली आणि निघाला.

दुपारचे तीन वाजले होते. आम्ही खिडकीपाशी कॉफी घेत होतो. तो घराच्या वाटेला न लागता खाडीकडे वळला आणि बर्फावरून सरळ चालत गेला. फेब्रुवारी संपत आला होता, बर्फ पातळ होता, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणीतरी म्हणालं, येईल परत. मग तो दिसेनासा झाला. कोणी हाक मारली नाही. मीही नाही. पुढच्या आठवड्यात माड्स म्हणाले की त्याचा भाऊ कॅनडात असतो ना, तिकडेच गेला असेल. आम्ही सगळ्यांनी मान डोलावली.

हे छाप. माझ्या नावानिशी छाप.

आत्या

ऑरहुस, १५ फेब्रुवारी १९८८

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

नवी आवृत्ती निघाली. माड्सच्या मुलीने दुकानात तुझ्याकडे पाठ फिरवली, हे विगोच्या बायकोने कळवलं. तू मात्र काहीच लिहिलं नाहीस. मी रविवारी येतेय.

या वेळीही बत्तीस प्रती पाठवल्या होत्या. क्लिटगोरची काल परत आली. पाकीट ओलं होतं, आतली पानं कोरडी. दुरुस्ती एकच आहे. ‘कोणी हाक मारली नाही’ हे वाक्य खोडलंय. समासात लिहिलंय: ‘इंगेबॉर्गने मारली. मला ऐकू आली.’

तुझी सिग्ने

स्केलबेक, १८ फेब्रुवारी

चि. सिग्नेस, अ. उ. आ.

तुझं पत्र टेबलावर ठेवून दोन दिवस नुसती फिरत होते.

मी खिडकीची कडी काढली होती. वारा आत आला आणि माड्स ओरडले की बंद कर. मधल्या क्षणात माझे ओठ हलले होते. आवाज फुटला की नाही, हे एकोणतीस वर्षांत माझं मलाच कळलं नव्हतं. फुटला नाही असंच धरून चालले होते.

ऐकू आली, तरी तो थांबला नाही. त्याचा विचार मी आता निवांत करीन.

तिसरी आवृत्ती काढशील तेव्हा ही दुरुस्ती घाल. तळटीपेत माहिती देणाऱ्याचं नाव लागतं ना, तिथे त्याचंच नाव दे. आक्सेल थोगरसन, सभासद, क्लिटगोर.

रविवारी वाट बघते.
आत्या