तो हात सरांचा नाही

सोमवार, ३ मार्च

खोकं आलं! नवऱ्यानं भाजीच्या सुरीनं चिकटपट्टी कापली, एक प्रत माझ्या हातात ठेवली आणि बाजूला झाला. माझी कादंबरी. मुखपृष्ठावर माझं नाव. आनंद झाला का? झाला असावा. पण आधी मनात आलं, हॉस्पिटलमध्ये कुणी वाचलं तर?

हॉस्पिटलमध्ये कुणाला सांगितलेलं नाही. तिथे मी भूल देणारी मॅडम, तेवढंच बरं. खोकं पलंगाखाली ढकललं. लेक म्हणाली, आई, पुस्तक काय चोरून छापतात का?

बुधवार, ५ मार्च

फुटलं! ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरनं विकत घेतलं, बसमध्ये येता-जाता वाचून काढलं. आज इंजेक्शनं भरताना हळूच विचारते — मॅडम, पुस्तकातला सर्जन म्हणजे आपले सरच ना?

कादंबरीतल्या सर्जनचा हात थरथरायला लागतो आणि तो ते लपवतो. मी म्हटलं, अहो, तो हात माझ्या वडिलांचा आहे. वडील शिंपी. शेवटी शेवटी त्यांना सुईत दोरा ओवता येईना. गिऱ्हाइकासमोर मला हाक मारायचे — चष्मा सापडत नाहीये गं, जरा ओवून दे. चष्मा नाकावरच असायचा.

सिस्टरनं ऐकून घेतलं. पटलं नाही. कसं पटेल? टाके घालताना गुणगुणणं सरांचं. भूल चढण्याआधी रुग्णाला नातवंडांची नावं विचारणं सरांचं. सगळं जसंच्या तसं उचलून ठेवलंय मी — मग तेवढा हातच सरांचा नाही हे कोण मानणार?

गुरुवार, ६ मार्च

सर आज गुणगुणले नाहीत.

रविवार, ९ मार्च

पेपरच्या पुरवणीत परीक्षण. चांगलंय. मी कुठे नोकरी करते हेही छापलंय! प्रकाशक फोनवर खुशीत — दुसरी आवृत्ती काढावी लागेल बहुतेक. सासूबाईंनी कात्रण फ्रिजवर लावलं. पाणी प्यायला गेले की तेच दिसतं.

सोमवार, १० मार्च

पित्ताशयाच्या बाईंच्या लेकीनं आईचं ऑपरेशन रद्द केलं. काउंटरवर सगळ्यांदेखत म्हणाली म्हणे, आधी डॉक्टरांचा हात बघू दे.

व्यवस्थापकांनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यानंच जास्त धडकी भरली. म्हणाले, मॅडम, काही पाहिलं असेल तर आत्ता सांगा. मी शपथेवर नाही म्हटलं. खरंच नाही पाहिलेलं!

मी घरी बसून रचलेल्या चार ओळींनी एका माणसाची जन्मभराची अब्रू जातेय. आणि माणूस कोण? मला इथे नोकरीला लावणारा. माझ्या लेकीचं अपेंडिक्स काढून बाहेर आला, मी रडत होते, तर स्वतःच्या डब्यातलं सफरचंद कापून मला खायला लावणारा.

मंगळवार, ११ मार्च

सकाळी हर्नियाची केस. लक्ष मॉनिटरवर हवं, तर डोळे सारखे सरांच्या बोटांवर. दगडासारखा स्थिर हात! हायसं वाटलं. मग लाज वाटली.

प्रकाशकांना विचारलं, सगळं काल्पनिक आहे अशी चिठ्ठी प्रत्येक प्रतीत घालता येईल का? ते हसले. म्हणाले, ते सुरुवातीला छापलेलंच असतं हो, आणि ते वाचूनच लोकांची खात्री पटते.

शुक्रवार, १४ मार्च

आज सरांच्या केबिनमध्ये गेले. बसायच्या आतच सगळं बोलून टाकलं — हात माझ्या वडिलांचा, तुमचा कधी थरथरताना पाहिलेला नाही, माझ्यामुळे तुम्हाला हे भोगावं लागतंय.

"तुम्ही खरंच कधी पाहिलं नाही?"

"नाही, सर. देवाशपथ."

त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मला लपवायला जमत होतं."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी खुर्चीत बसले.

सकाळी गोळी घेतात. दुपारपर्यंत हात जागेवर राहतो. वर्षभर दुपारच्या केसेस घेत नाहीत ते यामुळे. मला वाटायचं, वय झालं, घरी जाऊन पडत असतील. पुस्तक वाचून त्यांची समजूत झाली की मला सगळं ठाऊक आहे आणि ही माझी सांगायची रीत. शेवटची प्रकरणं वाचायचा धीर झाला नाही म्हणाले.

"तुमच्या पुस्तकातली ती भूल देणारी बाई... गप्प राहते ना शेवटपर्यंत?"

"राहते," मी म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. मी शब्द दिल्यासारखी.

शनिवार, १५ मार्च

नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, आत्ताच्या आत्ता व्यवस्थापकांना फोन कर. फोन हातात घेऊन बसले. त्यांच्यासमोर शपथ घेतली होती मी. आणि सकाळी हात स्थिर असतोच की. मंगळवारी मी स्वतः पाहिला. स्वतःलाच पटवतेय, कळतंय मला. फोन केला नाही.

सोमवार, १७ मार्च

सकाळी तातडीचं सिझेरियन आलं, थिएटर अडकलं. सरांच्या रुग्णाला टेबलावर घ्यायला दुपार उलटली. आतड्याची केस, लांबणारी. रुग्ण बसचा ड्रायव्हर, तरणाताठा. मला विचारलं, मॅडम, परत जाग येते ना नक्की?

सर हात धुऊन आले, हातमोजे चढवले. "करा सुरू."

मी सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. म्हटलं, "सर, आज नाही."

मग सर हातमोजे काढायला लागले. एक निघेना. शेवटी सिस्टरनं काढून दिला.