झिजलेली पट्टी

मंगळवार, संध्याकाळ. कात्रज.

दाणा बारीक आला! आठवडाभर आमची कार्बाइड पावडर भरड येत होती आणि नवे इंजिनिअर रोज भट्टीतला हायड्रोजन कमी-जास्त करत बसले होते. शेवटी मी म्हटलं, "सर, ट्रेमध्ये टंगस्टन ऑक्साइडचा थर जाड पडतोय. हायड्रोजनमुळे होणारी पाण्याची वाफ तळाशी अडकते, तिथे दाणा वाढतो. मग पुढे कार्बन घालून काय उपयोग?"

"अहो बाई, थर तुमच्याच पट्टीने सपाट होतो ना? मग जाड कसा पडेल?"

मुद्दा बरोबर होता. म्हणून रागारागाने पट्टीच मोजली. ट्रेच्या कडांवर टेकवून ओढतो ती पट्टी, मधल्या भागात खालच्या धारेला दीड मिलिमीटर झिजलेली. म्हणजे थर तेवढा जास्त जाड. रोज हातात असून मला दिसलं कसं नाही?

शनिवारी नव्या पट्टीने थर लावले, आज लॅबचा रिपोर्ट. सर म्हणाले, "यापुढे पट्ट्या तुम्हीच तपासा." शाब्बास म्हटलं असतं तर जीभ झिजली असती का?

जुनी पट्टी मागून घरी आणली. बारा वर्षं पावडर ओढून पोलाद झिजलं. मी नाही.