समुद्रकाठची भांगलण

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सिकंदर,

काल दुपारी गच्चीवर बसलो होतो. पन्हाळ्याच्या बाजूला ढग भरून आले होते, आणि का कोण जाणे, मला वेळवाडीची शाळा आठवली. कौलं, शेणानं सारवलेला व्हरांडा, व्हरांड्यापुढं वाळू, वाळूपुढं नदीचं तोंड आणि त्यापुढं समुद्र. नदी समुद्राला मिळते तिथं दोघांच्या पाण्याचा रंग वेगळा दिसायचा, आणि मी पोरांना सांगायचो, बघा, एका कवितेत दुसरी कविता मिसळतेय. तू मागून म्हणायचास, "आक्या, गणिताचा तास हाय." अजून माझा गणिताचाच तास चालू असतो आणि मी खिडकीबाहेर बघत असतो, असं समज. घरात सगळे बरे आहेत. माझे गुडघे सोडले तर मीही बराच आहे.

तुझी लेक मुबशिरा गेल्या आठवड्यात फोनवर बोलली. तुम्ही वेल लावायला सुरुवात केलीत तेव्हा दर रविवारी चाळीस माणसं वाळूवर यायची, आता चार येतात म्हणाली. तू, ती, निवृत्त पोस्टमन आणि कॉलेजची एक मुलगी. जूनच्या आधी मर्यादवेलीच्या नऊशे फांद्या वाळूत पुरल्या होत्या, पावसाळा संपल्यावर मोजल्या तर एकतीस जिवंत. एकतीस म्हणताना तिचा आवाज इतका साधा होता की मला पुढं विचारवेना. मग तिनंच सांगितलं, की येत्या २३ तारखेला, रविवारी, ग्रामसभा आहे. किनाऱ्यावर दगडांचा बंधारा घालायचं ठरतंय. दगडांच्या गाड्या जिथून जाणार, नेमकी तिथंच तुमची वेल आहे. तुमचं मागणं एवढंच की नदीच्या तोंडाजवळची शंभर पावलं दगडाशिवाय सोडा. पण गाव म्हणतंय, ज्या मास्तरनं वेल उपटली त्यानं आम्हाला वेल शिकवू नये. तुला सभेत बोलू देणार नाहीत म्हणे.

त्या रात्री मी जेवलो नाही. सुनेला वाटलं, पोट बिघडलंय.

सिकंदर, आपण दोघं घाटावरची पोरं. तू नेसरीचा, मी पन्हाळ्याच्या पायथ्याचा. सत्त्याहत्तर साली एकाच एस.टी.तून, एकेक वळकटी घेऊन घाट उतरलो. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा तू गप्प झालास आणि मी मोठ्यानं कविता म्हणायला लागलो. गाडीतली माणसं हसली. वेळवाडीत दोन शिक्षकी शाळा, तू मुख्याध्यापक, मी उपशिक्षक. तू भात करायचास, मी भाकरी थापायचो, आणि बांगड्याचं कालवण शेजारच्या चिमणाबाई द्यायच्या. किती सुखाचे दिवस होते रे. तुला खाडीपलीकडची मुलगी सांगून आली तेव्हा पत्र मी लिहून दिलं होतं, आठवतं? तू म्हणालास, "लई फुलं घातलीस की रं, कापून टाक निम्मी." मी एकही कापलं नव्हतं.

आता ब्याऐंशी सालाकडं येतो. वरून शाळेला सुरूची सहाशे रोपं आली, किनाऱ्यावर लावायला. काळ्या पिशव्यांत, वीतभर उंचीची. ती रोपं बघून मला वेड लागायचं बाकी राहिलं. मला त्यांची रांग दिसायला लागली, रांगेतून जाणारा वारा ऐकू यायला लागला. बोडक्या किनाऱ्यावर हिरवी झाडं, त्याखाली वर्ग भरलाय, पोरं कविता म्हणतायत आणि वर झाडं म्हणतायत. त्याच आठवड्यात तू नेसरीला गेलास, धाकट्या बहिणीच्या, मेहरुन्निसाच्या लग्नाला. आठ दिवसांची रजा. शाळा माझ्या हातात. तुला हे सगळं ठाऊक आहे, मग मी तुलाच का सांगतोय, असं म्हणशील. जरा दम धर.

किनारा बोडका नव्हताच. उधाणाच्या रेषेपासून शाळेच्या कुंपणापर्यंत सगळ्या वाळूवर वेल पसरलेली होती. आपट्यासारखं दुभंगलेलं जाड पान, जांभळी फुलं, हातभर अंतरावर वाळूत रुतलेली मुळं. पण मी शेतकऱ्याचा पोरगा. आमच्याकडं रोप लावायच्या आधी रान स्वच्छ करतात, तण ठेवून लावण केली तर बाप कानफटात देतो. मला ती वेल तण दिसली. दिवाळीला गावी गेलो होतो तेव्हा आईकडून मागून आणलेली आठ खुरपी माझ्याकडं होती, शाळेच्या बागेसाठी. चौथीपर्यंतची बावन्न पोरं मी वाळूवर रांगेत बसवली आणि भांगलणीला लावली. समुद्रकाठची भांगलण. जगात असली भांगलण दुसऱ्या कुणी केली नसेल. घाटाखालच्या माणसाला ती सुचलीच नसती.

चिमणाबाई टोपली घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या, आणि टोपली खाली न ठेवता म्हणाल्या, "मास्तरांनू, ती वेल उपटू नकात. तेका मर्यादवेल म्हणतत. थयसून फुडे दर्या येना नाय." मी म्हणालो, "आजी, समुद्र वेलीला बघून थांबत असता, तर सरकारनं धरणं कशाला बांधली असती?" पोरं खदखदून हसली. मला माझंच वाक्य फार आवडलं होतं, म्हणून ते अजून जसंच्या तसं पाठ आहे. चिमणाबाई हसल्या नाहीत. टोपली घेऊन चालू लागल्या.

सहा दिवसांत किनारा घोटून काढल्यासारखा झाला. वेलीचे ढीग वाळवून पेटवले. सातव्या-आठव्या दिवशी सुरू लावले. नवव्या दिवशी तू आलास, बहिणीच्या लग्नाचे लाडू घेऊन. व्हरांड्यात पिशवी ठेवलीस आणि वाळूकडं बघत म्हणालास, "आक्या, काय केलंस रं हे? वाळूच्या अंगावरचं घोंगडं काढून घेतलंस की." मला राग आला. मी म्हणालो, तुला सौंदर्य कळत नाही. दोन दिवस आपण बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मीच तुला ओढत वाळूवर नेलं. मेव्हण्याचा कॅमेरा आणला होता. पोरांच्या मधोमध तुला उभं केलं, हातात सुरूचं रोप दिलं आणि फोटो काढला. तू हसत नव्हतास, मी तीनदा हसायला सांगितलं. तो फोटो आज ग्रामपंचायतीत टांगलाय. रोप हातात घेतलेला सिकंदर मास्तर सगळ्या गावाला दिसतो, आणि वेल उपटायचा हुकूमही मुख्याध्यापकाचाच असणार, असं गाव धरून चाललंय. फोटो काढणारा फोटोत नसतो.

पुढं चार वर्षांत सुरू डोक्याच्या वर गेला. तालुक्याला माझा सत्कार झाला, शाल मिळाली, आणि शहाऐंशीला बदलीही मिळाली. मी वर आलो, तू राहिलास. मी इथं पोरांना सुरूच्या गोष्टी सांगत म्हातारा झालो. सुरूखाली सुईसारखी पानं इतकी पडतात की दुसरं काही उगवत नाही, त्याची मुळं वाळू धरत नाहीत, लाट खालून पोखरते आणि झाड आडवं होतं, हे मला कुणी सांगितलं नाही. खरं तर तू दोन पत्रांत लिहिलं होतंस. मी उत्तरात हवापाणी विचारलं. मग चिमणाबाईंच्या लेकाचं घर गेलं. मग विहीर खारी झाली. मग आपल्या शाळेचा व्हरांडा.

गेल्या फेब्रुवारीत मी आलो होतो, तीन दिवस. तू मला वेल लावायला घेऊन गेलास. तीन पेरं ओल्या वाळूत जातील अशी फांदी पुरायची, दोन वर ठेवायची, आणि वाऱ्याच्या बाजूला झावळीचं छोटं कुंपण, म्हणजे वाळू तिथं साठते. तुझ्या हाताला ते इतकं सवयीचं झालंय, बघत राहावं. मी सात फांद्या पुरल्या. त्यातली एकही जगली नसणार, विचारत नाही. संध्याकाळी देवळापाशी माणसं जमली होती आणि चिमणाबाईंचा नातू सगळ्यांसमोर म्हणाला, "आधी हेनीच उपटल्यानी, आता हेच लावतत. आणि गावान काय नुसता बघीत रवाचा?" कुणीतरी हसलं. तू माझ्याकडं बघितलंस. फार नाही, एकदाच. मी पायाजवळच्या वाळूत काठीनं रेघा मारत बसलो. उठून चार शब्द बोलायचे होते, ते मी बोललो नाही. पाहुणा म्हणून मला नारळ मिळाला होता, तो मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी मला गाडीला बसवताना तू म्हणालास, "सोड रं आक्या. तू वर जाणार, मी हितंच ऱ्हाणार. शिव्या एकालाच बसायच्या हायत, तर दोघांनी कशाला खायच्या?" आणि खिडकीतून लाडवांचा डबा आत दिलास. एवढं बोलून जणू विषय संपला. सबंध घाट मी ते लाडू मांडीवर घेऊन चढलो.

आल्यावर गच्चीवर कुंडीत वाळू भरली, तू दिलेल्या फांद्या लावल्या, आणि समुद्राची आठवण राहावी म्हणून पाण्यात मीठ घालत होतो. मुलगा विजयसिंह म्हणाला, "आबा, मिठानं झाड मरतंय, जगत न्हाय." मी म्हणालो, हे झाड वेगळं आहे. तीन पानं आली, मग देठापासून काळी पडली. कुंडी अजून तशीच आहे. सूनबाई त्यात कोथिंबीर लावू का म्हणून विचारते.

मला आशा नाही, सिकंदर. तुला खोटं का लिहू. दगड येणार, गाड्या येणार, एकतीस वेलींवरून जाणार. समजा शंभर पावलं सोडली, तरी नदीनं तोंड फिरवलंय, वाळू येत नाही, आणि चार माणसांच्या हातांनी किनारा परत विणून होत नाही. चाळीस वर्षांपूर्वी बावन्न पोरांनी सहा दिवसांत जे काढलं, ते आता कुणाच्यानं बसायचं नाही. हे तुलाही कळतं. तरी तू रविवारी सकाळी बादली घेऊन जातोस, आणि मला वाटतं, तू माझ्या वाट्याचं जातोस.

म्हणून हे पत्र. सोमवारी वेळवाडीला यायला म्हणून मी स्टँडवर गेलो होतो. गाडीत बसलो, तिकीटही काढलं. गाडी सुटायच्या आधी उतरलो. भरल्या सभेत उभं राहायची छाती माझ्यात तेव्हा नव्हती आणि आताही नाही, त्याला गुडघ्यांचं निमित्त देत नाही. लिहायला मात्र येतं. पण हे लिहिलेलं तुझ्या हातात दिलं तर तू काय करशील, तेही ठाऊक आहे. घडी घालशील, खिशात ठेवशील आणि सभेत शिव्या खाऊन घरी येशील. म्हणून याच्या दोन प्रती केल्यात. एक आज रजिस्टरनं मुबशिराच्या नावानं जातेय. तिनं ती सभेत पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायची, बापाला आधी न दाखवता, असं फोनवर कबूल करून घेतलंय. तुला ठाऊक असलेलं सगळं तुलाच का सांगितलं, ते आता कळलं असेल. कुणाला खोटं वाटलं तर पुरावा देतो. सुरूची माझी कविता वेळवाडीत अजून पोरं म्हणतात, 'उभे किनारी हिरव्या रांगा, दर्यालाही थांबा सांगा'. तिला आणखी एक कडवं होतं. वेल उपटताना मी ते पोरांकडून म्हणून घेत होतो, आणि तू परत आल्यावर ते शाळेत पुन्हा म्हणू दिलं नाहीस. त्या बावन्नांतले जे सभेत बसले असतील, त्यांचे ओठ आपोआप हलतील, बघा.

हाती खुरपे, ओठी गाणे,
वेल रानटी उपटत जाणे,
स्वच्छ करू या वाळू सारी,
सुरू उभारू सागरदारी.

ही दुसरी प्रत, तुझी, मी सभेच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पेटीत टाकणार आहे. ती तुला पोचेल तेव्हा सभा होऊन गेलेली असेल. उत्तर पाठवायची घाई करू नको, कदाचित पाठवावंसं वाटणारही नाही. चिमणाबाईंच्या नातवाला एकदा तो फोटो भिंतीवरून काढून नीट बघायला सांग. खाली वाळूवर, तुझ्या पायांपर्यंत, एक लांब सावली पडलीय. डोक्याशी दोन्ही कोपर वर उचललेली.

तुझाच, सावलीतला,
आकाराम