एका घराचा एक हात

३ मार्च

आलो एकदाचे. खोकी अजून बांधलेलीच आहेत, पण ही वही हाताला लागली आणि अप्पांचा चष्माही सापडला, म्हणजे घर लागलं असं समजायला हरकत नाही.

कोपऱ्यातलं बैठं घर. पुढे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे एक लांबट खोली. गल्ली इतकी स्वच्छ की चपला हातात घेऊन चालावं. सगळी फाटकं एकाच हिरव्या रंगाची, कुंपणाची झुडपं एकाच उंचीवर कापलेली. अप्पा म्हणाले, इथली झाडंसुद्धा सावधानमध्ये उभी आहेत. माझ्या वडिलांचा जन्म इमारतींचे नकाशे काढण्यात गेला, त्यामुळे घरात शिरल्या शिरल्या त्यांनी भिंती ठोकून पाहिल्या. मागच्या खोलीतली खिडकी मात्र त्यांना पटली नाही. चौकट आहे, आत उघडणारी काचेची दारं आहेत, गज आहेत, आणि गजांमागे बाहेरून स्क्रूनं पक्का केलेला लोखंडी पत्रा. म्हणाले, खिडकी आहे खरी, पण तिला बाहेर नाही.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी आले. गोड माणूस. पाणी कधी सुटतं, कचरा कुठे ठेवायचा, फाटकाला रंग कोणता, सगळं समजावलं. इथे जे होतं ते सभेत होतं, म्हणाले. हात वर करून मत द्यायचं, आणि एका घराचा एक हात. आधीच्या घरमालकाच्या लहरींवर आम्ही इतकी वर्षं काढली आहेत की मला हे ऐकूनच हलकं वाटलं. इथे आपणच आपले मालक.

९ मार्च

आज वार्षिक सभा झाली. सभागृह म्हणजे पंपाच्या खोलीवरचा हॉल. मी मागच्या रांगेत, शेजारी समोरच्या घरातल्या वहिनी. वहिनींना सगळ्यांचं सगळं माहीत असतं आणि ते पोटात राहत नाही, हे दोन दिवसांत कळलंय.

पहिला विषय, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. सेक्रेटरी म्हणाले, वाचलं असं समजून कायम करू या. भराभर हात वर गेले. मी ते वाचलं नव्हतं. मागची सभा झाली तेव्हा मी या गावातही नव्हते. विचारावं असं मनात आलं, तेवढ्यात वहिनींनी कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाल्या, करा हो वर, नाहीतर चहा गार होतो. मी हात वर केला. पुढे फाटकांचा हिरवा बदलावा की नाही यावर तासभर वाद झाला.

दारात एक बाई उभी होती. आत आली नाही, बसली नाही. हात वर गेले तेव्हा ती एकेकाकडे पाहत होती, माझ्याकडेही. वहिनी म्हणाल्या, तुमचं घर आधी हिचंच होतं, शिवणकाम करायची. मी पुन्हा वळून पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

मी शाळेची पुस्तकं तपासून पोट भरते. न वाचता स्वल्पविरामसुद्धा पुढे जाऊ देत नाही. आज काय झालं मला?

१४ मार्च

मागच्या खोलीत श्वास कोंडतो. तो पत्रा काढायची परवानगी मागायला सेक्रेटरींकडे गेले. हसले. म्हणाले, अहो, तो पत्रा ठरावानं बसलाय, आणि परवाच कायम केला की आपण, तुम्हीही हात वर केलात. मीही हसले. आता त्या हसण्याची लाज वाटते आहे.

वहिनींना गाठलं. त्या फाटकाशी झाडांना पाणी घालत होत्या. पाइप हातात तसाच, आणि चिखल माझ्या पायावर येईपर्यंत बोलत राहिल्या.

शिवणकामवाल्या बाईंना एक धाकटी बहीण होती. तिशी उलटलेली, पण समज लहान मुलाची. दिवसभर मागच्या खिडकीत उभी राहायची आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला हात करायची. बस, एवढंच. पण घरं बघायला येणारे बिचकतात, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. गेल्या वर्षीच्या सभेत ठराव झाला की खिडकी बंद करावी. सेक्रेटरींनी उभं राहून पत्रा बसवून घेतला. ऐन उन्हाळ्यात मोठी बहीण शिवलेले कपडे पोचवायला गेली. जाताना खोलीला कडी लावायची, नाहीतर धाकटी हात करत करत भलतीकडे जायची. परत यायला उशीर झाला. पोर आत गुदमरून गेली.

मी विचारलं, मग कुणीच काही बोललं नाही? वहिनींनी पाइप दुसऱ्या कुंडीत टाकला. म्हणाल्या, आम्ही काय तिच्या वाइटावर होतो का? कडी तिनंच लावली होती ना.

आज जेवण गेलं नाही. त्या खोलीत बसून हे लिहिते आहे. या लोकांना असंच कोंडावं, एकेकाला. मनात आलं ते लिहिलं.

१९ मार्च

सेक्रेटरी गेले. भरदुपारी, उघड्या खिडकीशी पेपर वाचत बसलेले असताना. त्यांची बायको सांगत होती, ते सारखे म्हणत होते, खिडकी उघड गं, खिडकी उघड. ती म्हणे, उघडीच आहे. मग त्यांनी समोरच्या मोकळ्या हवेवर तळवे आपटायला सुरुवात केली. आवाज आला, म्हणाली. पत्र्यावर आपटल्यासारखा.

डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहून दिलं.

मला बरं वाटलं. हे वाक्य मी पुन्हा वाचलं आणि खोडणार नाही. यापेक्षा नेमकी शिक्षा मलाही सुचली नसती. अंत्ययात्रेत मान खाली घालून चालले, ती दुःखानं नाही, चेहरा दिसू नये म्हणून. अप्पांच्या लक्षात आलं असावं. घरी आल्यावर म्हणाले, दुसऱ्याच्या मरणावर पोट भरत नाही गं, उगाच अपचन होतं.

२३ मार्च

अध्यक्ष गेले. पाठोपाठ अध्यक्षीणबाई. घराची दारं-खिडक्या सताड उघडी होती.

दुपारपर्यंत मी खुशीत होते. खोटं कशाला लिहू, गुणगुणत भांडी घासली. मग हातातला तांब्या तसाच राहिला. अध्यक्षीणबाई सभेला आल्याच नव्हत्या. हात नवऱ्यानं वर केला होता.

एका घराचा एक हात.

आमच्या घराचा हात मी वर केला होता. त्या घरात अप्पा आहेत.

२५ मार्च

सोसायटीला न विचारता सुतार आणून पत्रा काढून घेतला. पत्र्याच्या आतल्या बाजूला गंज, आणि गंजावर गजांतून हात घालून उमटलेले तळव्यांचे ठसे. एकावर एक, पत्रा झिजेपर्यंत. सुतार पैसे न घेताच गेला.

खिडकीतून आता गल्ली दिसते. वारा दिसतो, झुडपं हलतात. आत येत नाही.

अप्पांना कालपासून धाप लागते आहे. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, वयाचं आहे.

२६ मार्च

अप्पा म्हणतात, खोलीत एक मुलगी येते. हात करते. त्यांनी विचारलं, कुणाची गं तू? ती पुन्हा हात करते.

मी म्हटलं, तिच्याकडे बघू नका. ते मलाच रागावले. ती वाईट नाही, म्हणाले. फक्त फार जवळ उभी राहते. आपल्याला हवा उरत नाही.

२७ मार्च

मोठ्या बहिणीला शोधून काढलं. बाजारामागे एका खोलीत मशीन टाकून बसली आहे. बसा म्हणाली नाही. पायही थांबवला नाही, शिवता शिवताच बोलली. मला सगळं शब्दाला शब्द आठवतं आहे.

म्हणाली, तिला जगात एकच गोष्ट कळायची. कुणी हात वर केला की आपल्याला बोलावलं. मग ती धावत जायची, गळ्यात पडायची, सोडायची नाही.

म्हणाली, पुढच्या सभेत कायम होईपर्यंत ठराव कच्चा असतो, हे त्या सेक्रेटरीनंच मला सांगितलं होतं. तेवढ्यासाठी थांबले. एकानं तरी म्हणावं की बाबांनो, त्यात एक जीव गेला, हा ठराव पुसा. मी दारात उभी होते. तुम्ही सगळ्यांनी हात वर केले. ती माझ्या शेजारीच होती. इतके हात बघून हरखली. मी तिचा हात सोडला.

मी म्हटलं, मी नवी होते, मला माहीत नव्हतं.

ती म्हणाली, विचारलंत का?

नाही. अप्पांचं सांगितलं, पाया पडले. त्यांनी काय केलंय, म्हटलं. तिनं विचारलं, माझ्या बहिणीनं काय केलं होतं? मग दातानं दोरा तोडला आणि म्हणाली, ठराव रद्द करा. त्याच हॉलमध्ये, सगळ्यांनी, हात वर करून. मी बघायला येईन.

मी तिचे आभार मानले. आभार.

२९ मार्च

दारोदार फिरून उद्याची सभा बोलावली. वहिनींना सगळं सांगितलं, म्हणजे सगळ्या गल्लीला सांगितलं. अर्धी घरं कुलपं लावून गेली आहेत. गेलेल्यांपैकी दोघांच्या मरणाची बातमी आली. दूर जाऊन उपयोग नाही.

अप्पांना बसवूनच ठेवते. आडवं झालं की ओठ निळे पडतात. तरी विनोद सुटत नाही. म्हणाले, आयुष्यभर नकाशात प्रत्येक खोलीला खिडकी दाखवली, आता हिशेब चुकता करायला कुणी आलंय वाटतं.

३० मार्च, हॉलमध्ये

अप्पांना एकटं ठेवता येईना. आणलंय. शेजारच्या खुर्चीवर. श्वासाची शिट्टी वाजते.

गणसंख्या भरली नाही. नियम असा की अर्धा तास थांबायचं, मग आहेत तेवढ्यांची सभा चालते. थांबलो आहोत. हाताला काहीतरी काम हवं म्हणून लिहिते आहे.

मोठी बहीण आली. दारात. एकटी, पण डावी मूठ अर्धीच मिटलेली, आत कुणाचा हात असावा तशी.

आत्ता कळलं. इतका वेळ कसं नाही कळलं. ठराव रद्द करायला हात वर करायचा. हात वर केला की ती धाकटी —

वहिनींना हळूच सांगितलं. त्यांना आधीच कळलं होतं. सगळ्यांनाच. सगळे हात काखेत घालून बसले आहेत. माझ्याकडे बघतात. तुमचा ठराव, तुम्हीच करा, असं.

तोंडी मत घेऊ या म्हटलं. दारातून ती म्हणाली, नाही. हात. तेव्हा हातच होते.

वेळ झाली. ठराव मी वाचला. पूर्ण. प्रत्येक शब्द. अनुकूल असतील त्यांनी —

कुणी नाही.

कुणी नाही. हवा जड. खिडक्या उघड्या आहेत. पडदे हलतात.

ती हसते आहे. तिला ठराव नकोच होता. हात हवे होते.

मी करणार नाही. आणि नाही केला तर अप्पा — केला तर अप्पा —

मूठ उघडली तिनं.

मधल्या वाटेनं काहीतरी — वहिनींनी तोंड दाबलं — माझ्या रांगेशी थांबलं —

अप्पा हसताहेत. ओळखीचं कुणी दिसावं तसं. अप्पा, नको. त्यांचा हात मांडीवरून उठतो आहे, ते तिला नुसता हात करताहेत, त्यांना माहीत नाही — खाली घ्या — अप्पा, खाली — तो धरायला मी माझा हात