डाव्या बुटाचं टोक

प्रिय अक्षदा,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून पत्र का, म्हणून घाबरू नकोस. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे बाबांच्या कानातच बोलायचं, आणि माझा मोबाईल तर तेच वाचतात. आत्ता ते दूध आणायला गेलेत. शेजारची मानसी उद्या पुण्याला येतेय, तिच्या हाती हे देते.

दिवाळीला तू बाबांना चालायचे बूट घेतलेस ना, दोन महिन्यांत डाव्याचं टोक घासून बोट बाहेर! उजवा अगदी नवाकोरा. मी तणतणत दादरच्या त्या दुकानात गेले आणि दुकानदाराची अशी खरडपट्टी काढली की त्याने मुकाट्याने जोड बदलून दिला. त्याचंही तेच झालं. म्हटलं, ही पनवतीच. एका शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर तो जोड सोडायला लावला आणि ह्यांना अनवाणी घरी आणलं. रस्ताभर माझी थट्टा करत होते. घरी येऊन बघते तर डाव्या अंगठ्याला रक्त. ठेच लागली म्हणाले, आणि मी आपली हळद लावून मोकळी झाले.

मग घेतलेला तिसरा जोडही घासायला लागला, म्हणून परवा तो घेऊन नाक्यावर चपला शिवणाऱ्या शेवंतीकडे गेले. टोकाला रबर लाव म्हटलं. तिने बूट उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, ताई, बूट किती बदलाल, हा माणूस पाय उचलत नाही, ओढतोय. असा राग आला मला तिचा! पण काल सकाळी चालताना मुद्दाम मागे राहिले. वर्षभर मी पुढे आणि ते मागे, वर 'पाय उचला की जरा' म्हणून माझा ओरडा. काल पहिल्यांदा पाठीमागून पाहिलं. डावा पाय फरफटतोय गं त्यांचा.

विचारलं तर खेकसले. डॉक्टरचं नाव काढू नकोस, अक्षदाला कळवलंस तर बघ. तेव्हापासून जिवाला चैन नाही. सकाळपासून गॅस बंद केला का म्हणून चारदा उठलेय.

माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतात. गुरुवारी अकराची परळच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. बुधवारीच ये, नवे बूट घ्यायला चला म्हण, म्हणजे निघतील. दार तेच उघडतील. पायाकडे बघ, पण बघतेस असं दाखवू नकोस. मी एकटीच पुढे चालत राहिले गं. आता एका बाजूला तू चाल, दुसऱ्या बाजूला मी.

वाट बघणारी,
तुझीच आई